हाऊसकीपरबाईचा आवाज

बसस्थानकावर अठ्ठावीस वर्षं गाड्यांच्या घोषणा करून काका निवृत्त झाले. त्यांचा आवाज सगळ्यांच्या ओळखीचा, चेहरा कुणाच्याच नाही. भाजीवाल्याकडे नुसतं "पाव किलो वांगी द्या" म्हटलं, तरी शेजारचा माणूस आपसूक पिशवी उचलून निघायचा.

घरात मात्र काकू बोलायची आणि काका ऐकायचे. आणि तिचा आवाज कुठेच नाही हो! फोनमध्ये नाही, कुणाच्या व्हिडिओत नाही. कुणी फोन समोर धरला की ती तोंडावर हात घ्यायची. "बंद करा ते! माझा आवाज म्हणजे गंजलेली बिजागरी." ती जाऊन दोन वर्षं झाली. जन्मभर माइकसमोर बसलेल्या माणसाला बायकोचं एक वाक्य टिपून ठेवायचं सुचू नये, याला काय म्हणावं?

दोघांना वेड एकच, इंग्रजी रहस्यकथांच्या मराठी भाषांतरांचं. काका पहिल्या पानापासून सुरू करायचे आणि काकू शेवटच्या. खुनी कोण ते आधी बघून घ्यायची, मग निवांत सुरुवात.

"अगं, मग मजा काय राहिली?"

"मजा तुमची बघायची, साहेब. तुम्ही भलत्याच माणसावर संशय घेता ना, ते."

लाडात आली की ती त्यांना साहेब म्हणायची. खुन्याचं नाव मात्र मरेस्तोवर सांगायची नाही, नुसती गालातल्या गालात हसायची.

निवृत्तीनंतर काकांना ऑडिओबुकचं काम मिळालं. कपाटाएवढी खोली, भिंतींना स्पंज, काचेपलीकडे रेकॉर्डिंगवाली पोरगी. पुस्तक होतं इंग्लंडमधल्या एका हवेलीतल्या खुनाचं. पात्रं सतरा आणि वाचणारे काका एकटे. तिथला नियम साधा होता, की आधी पुस्तक शेवटपर्यंत वाचायचं आणि मग कुणाला कुठला आवाज ते ठरवायचं. "वाचलं ना?" पोरीने विचारलं. "वाचलं की!" काकांनी बिनदिक्कत थाप मारली. शेवट आधी बघणं त्यांच्या लेखी पापच होतं.

दुसऱ्या प्रकरणात हवेली सांभाळणारी हाऊसकीपर आली. तिचं पहिलंच वाक्य होतं, "पाय पुसून या, साहेब. चहा गार होईल." काकांनी तोंड उघडलं आणि काकूच बोलली. घसा काकांचा, पण ते शेवटचा शब्द लांबवणं, ते दटावता दटावता हसणं सगळं तिचं. काका जागच्या जागी थिजले.

"काका, बाई भारी जमलीये! हाच आवाज ठेवा," काचेपलीकडून पोरगी म्हणाली.

झालं. रोज सकाळी काका त्या दिवसापुरती पानं चाळून हाऊसकीपर कुठे बोलते ते आधी शोधायचे. ज्या दिवशी ती बोलायची नाही, त्या दिवशी स्वारी घुश्शात घरी जायची. अशी तीनशे पानं सुखात गेली.

तीनशे सातव्या पानावर घात झाला. खुनी हाऊसकीपरच! आणि पुढे लिहिलेलं, की लहानपणी वाफेने घसा भाजल्यामुळे तिचा आवाज जन्माचा घोगरा, आणि त्या घोगऱ्या आवाजावरूनच आंधळ्या मालकाने तिला ओळखलं. अरे भल्या माणसा, हे आधी सांगायला लेखकाच्या तोंडाला काय कुलूप होतं?

"काका, तुम्ही वाचलंय म्हणाला होतात ना?"

काकू असती तर पहिल्याच दिवशी शेवटचं पान उघडून हसली असती, आणि त्या हसण्यावरून काकांनी काय ते ओळखलं असतं.

"सदतीस वाक्यं आहेत," पोरगी म्हणाली. "सगळी पुन्हा घ्यावी लागतील. आधीची पुसते."

"पुसू नकोस." काकांचा आवाज फाटला. "तो माझ्या बायकोचा आवाज आहे गं. दुसरीकडे कुठेच नाही."

पोरीने पाण्याचा ग्लास तेवढा आत आणून ठेवला.

काकांनी सदतीस वाक्यं घोगऱ्या आवाजात एका दिवसात संपवली. चूक त्यांची होती, मग निस्तरायची कुणी? काम पुरं झालं त्या दिवशी पोरीने त्यांच्या फोनवर एक फाइल पाठवली. "जुनी सगळी वाक्यं ओळीने लावलीत, काका. मधलं दुसऱ्यांचं बोलणं काढलंय, पण तेवढी जागा मोकळी ठेवलीये."

दुपारी घरी येऊन काकांनी फोन जेवणाच्या टेबलावर तांब्याला टेकवून उभा केला, काकूच्या खुर्चीसमोर.

"पाय पुसून या, साहेब. चहा गार होईल."

मग शांतता. काकांनी पायांकडे बघितलं. चपला तशाच होत्या. त्यांनी घाईघाईने काढल्या.

"आज उशीर केलात."

"गाडी लेट होती गं," काका बोलून गेले.

"रोजचंच आहे तुमचं."

काका हसले. डोळे पुसत हसले. एकेक वाक्य येत होतं आणि काका मोकळ्या जागेत बरोब्बर उत्तर देत होते. वेळेत बोलायची सवय अठ्ठावीस वर्षांची. औषध घेतलं का? घेतलं. खिडकी लावू का? राहू दे. दोन वर्षांत ते घरात इतकं बोलले नव्हते.

मग सदतिसावं वाक्य आलं. "दार ओढून घेते, साहेब. आणखी काही हवंय?"

इथे मात्र काकांची जीभ अडली. हवं तर किती होतं! काय सांगावं आधी, कुठून सुरुवात करावी?

"बस ना जरा," ते शेवटी म्हणाले.

तोवर फाइल संपली होती.