मायनं उपटलेली बेशरम

आम्ही ढोरक्यांच्या घरचे. वडील लवकर गेले. माय गावची ढोरं चारायची, त्याबदली घराघरांतून वर्षाची ज्वारी यायची. ती सरली की तरोट्याच्या भाजीवर दिवस काढायचे. दीड महिन्यापूर्वी अकोल्यात माझ्या ऑफिसात गावाकडून फोन आला, ‘ताई, माय गेली...’ मी कुणाच्या तरी शेतातली माती तपासत होते. हातातलं काम पुरं करूनच उठले, का ते मलाच कळलं नाही.

दर्यापूरकडच्या आमच्या गावात तळ्याकाठी ई-क्लासचं, म्हणजे सरकारी, गायरान आहे. काही वर्षांपूर्वी काठानं बेशरमची झाडी माजली होती. तिला ढोरं तोंड लावत नाहीत, खाली गवत होत नाही. त्या जाळीत रानडुकरं दिवसभर बसायची आणि सांजेला लव्हाळ्याच्या गाठींसाठी गायरान उकरायची. एका डुकरानं वासरू फाडलं, तशी लोकांनी ढोरं पाठवणं थांबवलं. ढोरंच नसली तर मायच्या हाताला काम कुठलं?

तेव्हा मी नुकतीच कृषीची पदवी घेतली होती. घरातली पहिली. गर्व होता, आजही आहे. चार बाया लावून मी बेशरम बुंध्यापासून छाटली आणि तुकडे ओल्या काठावरच पसरले, कुजून खत होईल म्हणून.

‘कावून फेकून राहिली तिथं? मुळासकट उपट, खडकावर वाळव.’

‘माय, मी शिकून आली ना!’

पावसाळ्यात तुकड्या-तुकड्याला पानं फुटली. काठ आधीपेक्षा दाट झाला. माय कमरेवर हात ठेवून हसली, ‘वा वं मॅडम! लोकं संत्रा लावते, तुनं बेशरम लावली!’

पुन्हा तो विषय तिनं काढला नाही. दुसऱ्या दिवशी एका टोकापासून एकेक झाड उपटायला लागली. नाल्याकडची बाजू शेवटाला ठेवली. ‘डुकराले निंगाले वाट ठेवा लागते, नाई तं अंगावर येते.’ मी नोकरीला अकोल्याला निघून आले. दर रविवारी फोनवर विचारायचे, ‘कुठवर आलं, माय?’ ‘जांभळीलोक.’ म्हणजे जांभळीच्या झाडापर्यंत. एवढंच आमचं बोलणं. मी सुटी काढून जायला हवं होतं... दोनदाच गेले. आता रविवारी फोन हातात घेते आणि ठेवून देते.

तेरवीनंतर एकटीच तळ्यावर गेले. नाल्याकडं दहा-बारा झाडं उरली होती. उपटली. झालं म्हणून सांगायला कोणी नव्हतं.

काठावर आता मारवेल गवत आहे. डुकरं नाल्यापल्याड गेली. गावची ढोरं पाण्यापर्यंत चरतात. हे मायनं केलं.