नावाची अध्यक्षीण

एकलहऱ्याच्या वीजकेंद्राच्या कॉलनीत आमचं महिला मंडळ होतं. अध्यक्ष सगळ्या बायकांनी हात वर करून निवडायची, पण कमिटीवर मात्र प्रत्येक इमारत आपली एक बाई पाठवायची. त्या साली अध्यक्ष मी झाले. माझ्याविरुद्ध उभी राहिलेली समोरच्या इमारतीतली ती पडली, तरी तिच्या इमारतीने तिला कमिटीवर पाठवलंच. मी उभी राहिले होते एकाच गोष्टीसाठी. मंडळाच्या हॉलमध्ये बालवाडी हवी होती. लेक तीन वर्षांची, आणि जवळात जवळची बालवाडी नाशिकरोडला. एवढ्याशा पोरीला रोज बसमध्ये कोण कोंबणार?

पहिल्याच मीटिंगला ठराव मांडला. मुलं हॉल घाण करतील म्हणे! ठराव पडला.

गोम नंतर कळली. कमिटीतल्या बायका उन्हाळाभर तिच्या गच्चीवर पापड लाटत होत्या. आज हिचे, उद्या तिचे. वीजकेंद्राच्या चिमणीची राख पडू नये म्हणून वर जुनी साडी बांधायची आणि मीटिंगचं सगळं त्या साडीखालीच ठरवायचं. मला अख्ख्या कॉलनीने निवडलंय, मी कशाला कुणाच्या पोळपाटाशी बसू, असं मला वाटायचं. नाव सोनुबाई, हाती कथलाचा वाळा!

जळायचे हो मी तिच्यावर. तिचा तो लांबसडक शेपटा, तो मधाळ आवाज, फ्रीजमधलं ते गारेगार सरबत. पडूनही मेली राज्य करत होती. मग तिने शिवणवर्गाचा ठराव पास करून घेतला. त्यावर सही अध्यक्षांची लागायची. मी केली नाही. बसा म्हटलं बोंबलत! हॉलला कुलूप ते कुलूपच राहिलं.

हे पेपरातून डोकं काढून म्हणाले, "अगं, अमेरिकेच्या अध्यक्षाची तरी काय वेगळी गत आहे? निवडतात त्याला लोक, पण सभागृह विरोधकांचं असलं की कायदा अडतो. त्याच्या हातात उरतं ते फक्त सही न करणं."

"त्याच्या समोरच्या गॅलरीत ती केस वाळवत उभी नसते ना पण!" मी म्हटलं.

दिवाळीनंतर तिने नवा ठराव आणला. बालवाडीचा! माझाच, शब्द न् शब्द. शिकवणार ती स्वतः. सगळ्यांचे हात भराभर वर गेले आणि कागद माझ्यापुढे आला. अस्सा संताप आला, वाटलं टराटरा फाडावा. पण लेक मांडीवर बसून माझ्याच पेनशी खेळत होती. तिच्या मुठीतून पेन सोडवलं आणि सही केली.

पहिल्या दिवशी नारळ तिनेच फोडला. हॉलच्या दारात लेकीने माझं बोट सोडलं आणि रडली नाही, मागे वळूनही पाहिलं नाही. दुपारी मी आणायला गेले, तेव्हा त्या मेलीचं बोट सोडताना मात्र पोरीने हॉल डोक्यावर घेतला.