कुत्र्यासाठी शोधलेला माळ

लग्न ठरलं तेव्हा घरात सगळ्यांना आनंद झाला आणि मला पहिला प्रश्न पडला तो कुत्र्याचा. नवऱ्याचं घर ठाण्याला, तिसऱ्या मजल्यावर, दोन खोल्यांचं. आमचा कुत्रा कारवानी जातीचा, लांब पायांचा, पोट पाठीला टेकलेला, पळण्यासाठीच जन्माला आलेला. बाबांच्या एका व्यापारी मित्रानं तो पिल्लू असताना सीमेकडच्या आपल्या गावाहून आणून दिला होता. त्या मित्राच्या घरात सगळे कानडी बोलत, पिल्लाला तेवढंच कळायचं, म्हणून मी चार कानडी शब्द शिकून घेतले आणि त्या जोरावर त्याला आपलंसं केलं. माझ्या हाकेला तो यायचा. बाकीच्यांना तो खिजगणतीत धरत नसे.

आईनं सरळ सांगून टाकलं, "तू गेलीस की ह्याला परत पाठवायचा. ह्याच्या मागं पळायला कोण हाय इथं?"

परत म्हणजे त्या गावच्या मळ्यावर, दिवसभर साखळीला. त्याच्या भावंडांना मी तिथं तसं बघितलं होतं. राग तेव्हा माझ्या नाकाच्या शेंड्यावर असायचा; मी ताटावरून उठले. बाबांनी गुळाचं दुकान दादाच्या हाती सोपवलं होतं, त्यांचे गुडघे धरले होते आणि कुत्र्याशी त्यांचं कधी फारसं जमलेलं नव्हतं. तरी पेपरातून डोकं न काढता तेच म्हणाले, "जागा बघू की एखादी. सोडला तरी माझ्या हाकेला परत येईल अशी."

त्या थंडीतल्या सकाळी मला सलग आठवत नाहीत. आधी धुकं दिसतं, मग त्यातून जाणारी आमची स्कूटर, बाबांच्या पायांमध्ये ताठ उभा राहिलेला कुत्रा आणि त्याचे वाऱ्यावर मागं गेलेले कान. गाव नुकतं जागं होत असायचं. कुठूनतरी गुऱ्हाळाचा गोड धूर यायचा आणि आम्ही तिघं कुठं निघालोय हे काही वेळ मला आठवतच नसे.

पहिल्यांदा रंकाळा तलावाचा काठ झाला. साखळी काढली मात्र, फिरायला आलेल्यांची दाणादाण उडाली. एक गृहस्थ कट्ट्यावर चढून ओरडले, "ओ पावणं, कुत्रं हाय का घोडं?"

"घोडंच की," बाबा म्हणाले. त्यांना ते फार आवडलं, पण रंकाळा बाद झाला.

मग एका तालमीमागचं मैदान. चारी बाजूंनी भिंत, एक दार, ते आम्ही लावून घेतलं. दुसरं दार थेट तालमीत उघडतं हे बाबांच्या लक्षात आलं नाही. आम्ही आत पोचलो तेव्हा कुत्रा आखाड्यात उताणा पडून लोळत होता. ताक, तेल, हळद घालून पैलवानांनी मुरवलेली ती लाल माती! वस्तादांनी कुत्र्याकडं बघितलं, मग बाबांकडं, आणि दाराकडं बोट केलं. दुसऱ्या दिवशी बाबा नारळ आणि तेलाचा डबा घेऊन माफी मागून आले. कुत्र्याच्या अंगाला पुढं कितीतरी दिवस हळदीचा वास येत होता. नवरीच्या आधी ह्यालाच हळद लागली म्हणून घरात मला चिडवून चिडवून बेजार केलं.

दिवाळीत आमच्याकडं म्हशी सजवून पळवतात. मालक मोटारसायकलवर पुढं आणि म्हैस मागं, दावं नाही, काही नाही. ते बघून बाबांच्या डोक्यात आलं की म्हैस येते तर हा का येणार नाही? नदीपलीकडं उसातल्या रस्त्यावर त्यांनी स्कूटर पळवली. कुत्र्यानं त्यांना हां हां म्हणता मागं टाकलं आणि तो उसात शिरला. मग कितीतरी वेळ आम्ही नुसते शेंडे बघत उभे होतो. इकडचे हलले, तिकडचे हलले, आणि सगळं शांत झालं. बाबांनी हाका मारून घसा बसवला. शेवटी मी एकदा हाक मारली आणि तो आला.

माळ सापडला तो लग्नाची पहिली पत्रिका जोतिबाला ठेवून परत येताना. जवळ रस्ता नव्हता, पीक नव्हतं, मेंढरं नव्हती. वाळकं गवत आणि लांबवर दिसणारी मोकळी जमीन. दुसऱ्याच दिवशी त्याला तिथं नेला. काय पळाला तो! त्याचे पाय जमिनीला लागताना दिसतच नव्हते. ते बघताना माझं लग्नही मी विसरून जायची.

पण बाबांच्या हाकेला तो तिथंही वळेना. बाबा लंगडत त्याच्या मागं जात, त्याला तो खेळ वाटे आणि तो आणखी लांब जाई. लग्न आठवड्यावर आलं तशी मी एकदा बाबांवर भडकले. "तुम्हाला मनापासून नकोच हाय तो!" बाबा साखळी घेऊन पुन्हा त्याच्या मागं लंगडत निघाले.

हळदीच्या आदल्या दिवशी माळावर इतकं धुकं होतं की कुत्रा चार उड्यांत दिसेनासा झाला. मी हाक मारणार, तेवढ्यात बाबांनी हात वर करून मला थांबवलं. मग ते पुढं गेले, गुडघे सांभाळत, कण्हत खाली बसले आणि पाय लांब केले. हाक नाही, शीळ नाही. दवानं त्यांचं धोतर भिजत होतं. मी स्कूटरपाशी उभी होते आणि मला वाटत होतं की आम्ही दोघं कधीपासून असेच इथं आहोत.

कुत्रा धुक्यातून चालत आला. त्यानं बाबांभोवती एक फेरी मारली, त्यांचा कान हुंगला आणि त्यांच्या दुखऱ्या गुडघ्यावर हनुवटी टेकून तो आडवा झाला.

मी हाक मारली. त्यानं कान उभे केले, माझ्याकडं बघितलं. मी पुन्हा हाक मारली, जरा मोठ्यानं. शेपूट हललं, पण त्यानं हनुवटी उचलली नाही.

दोन महिने मी हेच मागत होते. आणि आता मला त्या दोघांचा असा हेवा वाटला, असा राग आला, की डोळे भरून आले.

"जा तू आता खुशाल," बाबा मागं न बघता म्हणाले. "आम्ही हाय की दोघं."

मला जायचं नव्हतं. दोन महिन्यांत हे मी पहिल्यांदाच स्वतःला सांगितलं.