दोन टेबलांमधला पूल

नकाशे काढणारी माणसं रिटायर होतात, त्यांचे किस्से काही होत नाहीत! सत्तरच्या दशकात वाशीमला बांधकाम खात्याची आमची ड्रॉइंग ब्रँच होती, आणि घोळ असे की सांगता सांगता चहाची दुसरी फेरी लागते. हसतो खूप. पण इंगोलेचा विषय निघाला की हसू अर्ध्यावर राहतं.

इंगोले आमचा पुलाच्या टेबलावरचा ड्राफ्ट्समन. गाव किन्हीराजाच्या अंगाला, वाशीमच्या वाटेत नाला. पूर आला की त्याची माय पलीकडे अडकायची. त्याच नाल्याच्या पुलाचं काम त्याच्याकडे आलं, तेव्हा गड्यानं अख्ख्या ब्रँचला पेढे वाटले! "आता माय पावसाळ्यातबी माह्या घरी येईन," म्हणाला.

* * *

कारंज्याला मास्तरांचं क्वार्टर बांधायचं होतं. एका नकाशात दार पूर्वेला, दुसऱ्यात पश्चिमेला. ठेकेदार विचारायला आला, "साहेब, कोनतं खरं?"

साहेब घाईत. "दोन्ही आपलेच आहेत, दोन्ही करा!"

मास्तरांना समोरासमोर दोन दारं मिळाली. त्यांची बायको म्हणाली, "घर हाये का बोगदा?"

* * *

मग साहेबांनी शिक्काच करून घेतला: 'नकाशांत फरक आढळल्यास जागेवर योग्य ते करावे.' झालं! तपासायची कटकटच गेली. सखाराम शिपाई दिसेल त्या कागदावर शिक्का हाणायचा. एकदा साहेबांच्या बदलीच्या ऑर्डरवरच हाणला.

साहेब भडकले. सखाराम शांत. "तुमचाच हुकूम हाये साहेब. आता तुमीच पाहा, जायाचं का राह्याचं!"

* * *

आमच्याकडे एक रीत होती. दुसऱ्याच्या टेबलावर वाकून पाहणं म्हणजे त्याच्या ताटात हात घालणं. तो नाल्याचा पूल इंगोलेकडे, त्याला जोडणारा रस्ता दुसऱ्या टेबलावर देशपांड्यांकडे. इंगोलेनं उंची मोजायला सुरुवात धरली नाल्याकाठच्या उंच खडकापासून, देशपांड्यांनी शाळेच्या जोत्यापासून. दोन्ही नकाशे आपापल्या जागी बिनचूक! एकावर एक ठेवून पाहिले असते, तर चहा निवायच्या आत कळलं असतं. कोणी ठेवले नाहीत. इतकं सोपं होतं हो, त्याचीच हळहळ वाटते.

पूल झाला, रस्ताही झाला. आणि पूल रस्त्यापेक्षा माणूसभर उंच, दोन्ही टोकांना! भराव टाकायची मंजुरी वर अडकली, तेवढ्यात पाऊस लागला. तरणी पोरं शिडी लावून चढायची, म्हातारीच्यानं ते होईना. इंगोलेला मुलगा झाला. बारसं झालं. आजी नाल्यापलीकडेच.

पाणी ओसरल्यावर साहेब पाहणीला गेले, आम्हीही सोबत. ऊन मी म्हणत होतं. पुलाखाली इंगोलेची माय बसलेली, मांडीवर नातवासाठी शिवलेली गोधडी. वाशीमची एसटी यायला वेळ होता. इंगोलेची मान काही वर होईना.

साहेबांना पाहून म्हातारी उठली, डोक्यावरचा पदर नीट केला न् म्हणाली, "या साहेब, बसा इथं. लय गार लागते. माह्या लेकानं केलेली सावली हाये."