बुधवारची म्हाताऱ्यांची ओपीडी

केसपेपरवर बीपी, शुगर, वजन लिहायला रकाने असतात. बाकीचं कुठं लिहायचं, ते कुणी सांगितलेलं नाही. बेळगावातल्या आमच्या दवाखान्यात दर बुधवारी म्हाताऱ्या पेशंटांची ओपीडी असते. एकेकाला तीन-तीन, चार-चार आजार. मी तिथली सिस्टर. इतक्या वर्षांत ते बाकीचं सगळं माझ्याकडंच साठत गेलंय.

अनगोळचे एक मास्तर. त्यांना बीपी आणि दमा. शुगर कधीच नव्हती. एकदा घामानं डबडबून, थरथरत आले. तपासलं तर साखर एकदम खाली. पिशवीत गोळ्यांचे दोन डबे निघाले. दुसरा त्यांच्या बायकोचा. त्याही आमच्याच पेशंट, शुगरच्या; महिन्यापूर्वी वारल्या होत्या. मास्तर रोज दोघांच्याही गोळ्या घेत होते. डॉक्टर रागावले. मास्तर शांतपणे म्हणाले, "वेळ चुकलेली तिला चालत नाही."

एका आजींची स्मरणशक्ती तपासायची होती. डॉक्टरांनी तीन शब्द लक्षात ठेवायला सांगितले. पाच मिनिटांनी विचारलं, तर एकही आठवेना. महिन्याभरानं परत आल्या. खुर्चीत बसल्या बसल्या, कुणी न विचारता म्हणाल्या, "कमळ, किल्ली, घोडा." तिन्ही बरोबर. मी खूश होऊन त्यांना स्वतःचं नाव विचारलं. ते मात्र गेलं होतं.

वडगावच्या अण्णांनी चाळीस वर्षं माग चालवले. माग विकून टाकले, तरी कानात खटखट चालूच असायची. हार्ट, बीपी, गुडघे, त्यात ही एक तक्रार. आम्ही ऐकून सोडून द्यायचो. एक दिवस नंबर नसतानाच आले, तोंड उतरलेलं.

"माग थांबालाय, सिस्टर."

मी हसत हसतच नाडी धरली. एक ठोका पडे, मग पुढचा लवकर येईचना. तसंच मोठ्या हॉस्पिटलात पाठवलं. पेसमेकर बसला. पुढं तपासणीला आले ते कानावर हात ठेवूनच. म्हणाले, "सुरू झाला."

निपाणीकडचे एक आप्पा. घरात सगळं मराठी. अर्धांगाचा झटका आला आणि मराठी पुसली गेली. लहानपणची कानडी तेवढी राहिली. बायकोकडं बघून विचारायचे, "नीवु यारु?" म्हणजे, तुम्ही कोण? मी तिच्या पाठीवर हात ठेवला, तर म्हणाली, पन्नास वर्षांत पहिल्यांदा मला 'तुम्ही' म्हणाले.

आणि गौराक्का. साखरेनं त्यांचे डोळे गेले होते, किडन्या दमल्या होत्या, पण कान शाबूत. दाराजवळच्या बाकावर बसून पावलांवरनं माणूस ओळखायच्या. कधी चुकल्या नाहीत. एका सकाळी मी हॉलमधनं एकटीच जात होते, तर त्यांनी थांबवलं.

"सिस्टर, आज तुमच्यासंगं कोण आलंय? उजवा पाय वढत्यात."

मी मागं वळून बघितलं, कुणी नव्हतं. आई खानापूरला असते. मांडीचं हाड मोडल्यापासून उजवा पाय ओढत चालते. ती इथं कधी आलेली नाही, आणि तिच्या पायाचं मी इथं कुणाकडं बोललेले नाही.

आत जाऊन खानापूरला फोन लावला. आईनंच उचलला. आवाज ठणठणीत. चहा पिऊन बसलीय म्हणाली. माझा जीव भांड्यात पडला. फोन ठेवता ठेवता ती म्हणाली, सकाळपासनं पाय तेवढा लई दुखालाय, लांबनं चालून आल्यासारखा.

मी बाहेर आले. गौराक्का बाकावर जरा सरकून बसल्या होत्या. शेजारच्या रिकाम्या जागेकडं तोंड करून हळू आवाजात सांगत होत्या, "बसा आक्का. लेक कामात हाय तुमची."