सहावी तुळई

प्रेमिलाताई सुतार आहेत. वय एकसष्ट. गांधीबागेत एका कापड गोदामाच्या तळमजल्यावर त्यांचा भाड्याचा कारखाना आहे. एम. ए. झाल्यावर मी तिथं पुस्तकांसाठी मांडणी करून घ्यायला गेले. मांडणी झाली, तरी जात राहिले.

गेल्या उन्हाळ्यात मालक कृष्णकांत शेठ एका इंजिनिअरला घेऊन आले. त्यानं वर पाहिलं. सागाच्या सहा तुळया, शंभरेक वर्षांच्या. मधल्या एकीला बोट जाईल एवढी रुंद, लांब भेग.

"लाकूड संपलंय. सगळं पाडावं लागेल."

"पंधरा दिवसांत खाली करा, प्रेमिलाबाई," शेठ म्हणाले.

"काहून? म्हातारं झालं म्हणून? मग मले भी पाडा." ताईंचा रंधा थांबला नाही.

इंजिनिअर हसला.

"हसून काय राहिले? भेगेत बॅटरी मारा. आतून काळी आहे. आत्ताची असती तर पिवळी दिसली असती. लाकूड वाळताना पडली ते. माझ्या जन्माच्या आधी."

त्यांनी त्याच्या हातात हातोडी दिली. त्यानं तुळईत खिळा ठोकला. वाकला. दुसराही वाकला.

"मावशी, खिळा वाकला म्हणून छत टिकत नाही."

"बरोबर. वाळून कडक होते, पण चिवटपणा जाते. दणका नाही सोसत, वजन सोसते. खरं दुखणं टोकाले असते, भिंतीत, ओल धरते तिथं. थांबा."

पेचकस घेऊन त्या शिडीवर चढल्या. मी शिडी धरली. पाच तुळयांच्या टोकांत पेचकस नखभरही शिरला नाही. सहावी त्यांच्याच कामाच्या बाकाच्या बरोबर वर होती. रंगवलेली, एकही भेग नाही. तिच्यात तो मुठीपर्यंत गेला. माझ्या केसांत तपकिरी भुगा पडला.

शेठ आणि इंजिनिअर दाराशी बोलत होते. त्यांनी पाहिलं नव्हतं.

"ताई, बोलू नका," मी पुटपुटले.

"गप वं." आणि त्या ओरडल्या, "शेठ! सहावी मेली. तुमचा नळ भिंतीत गळून राहिला!"

तीस वर्षांची जागा त्यांनी एका वाक्यात पणाला लावली होती.

"बघा! बाई स्वतःच सांगतात," शेठ खुलले.

इंजिनिअर मात्र शिडीवर चढला. पेचकस मागून घेतला. बारा टोकं तपासायला त्याला तासभर लागला.

"आता लिहा," ताई म्हणाल्या. "सहाही मेल्या असं लिहा अन् खाली सही करा. मी आजच जाते."

त्यानं शेठकडे पाहिलं. मग लिहिलं, नळ दुरुस्त करावा, एक तुळई बदलावी. सही केली.

शेठनी कागदाला हात लावला नाही. ताईंनी तो घेतला, घडी घातली, कमरेला खोचला. कोपऱ्यातला जुना सागाचा खांब ओढत त्यांनी सहाव्या तुळईखाली आणला.

"पाहून काय राहिली? पाचर ठोक."

मी ठोकली.