आडनावापुरते

"तुम्ही आडनावापुरते," डॉक्टर म्हणाले आणि बाबांनी दिलेली फाइल न उघडताच त्यांनी परत दिली.

नेपियर टाउनमधलं त्यांचं घर. वरचा हॉल माणसांनी भरलेला. भिंतीवर छतापासून खालपर्यंत त्यांच्या घराण्याचा वंशवृक्ष. जबलपूरच्या मराठी लोकांच्या ग्रुपवर निरोप आला होता: वर्ध्याकडच्या आमच्या गावचे, या आडनावाचे जे कोणी असतील त्यांनी जुने कागद घेऊन यावं, घराण्याचं पुस्तक काढायचं आहे. गाव आमचंच. आडनाव आमचंच. बाबा फॅक्टरीतून रिटायर झालेले. इस्त्रीचा शर्ट घातला, कागद फाइलीत लावले आणि मला म्हणाले, "चल." रांझीहून ऑटोनं आलो.

डॉक्टरांनी आधी हसून नमस्कार केला होता. मग विचारलं, "गावात घर कोणत्या अंगाला?"

"खालच्या अंगाला, साहेब."

हॉलमधलं बोलणं थांबलं. खालच्या अंगाला महारवाडा. आजोबांनी दीक्षा घेतली, आम्ही बौद्ध झालो, बाबांनी आयुष्यभर तोफांचे सुटे भाग घासले, मी रेल्वेच्या ऑफिसात साहेब झाले. त्या हॉलमध्ये ते सगळं एका शब्दात पुसलं गेलं.

आम्ही उठलोच होतो. तेवढ्यात डॉक्टरांचा पुतण्या पुढे आला. बंगलोरला नोकरी करणारा, उत्साही पोरगा. घराण्यातल्या पुरुषांचे नमुने तोच गोळा करत होता. गालाच्या आतून कापूस फिरवायचा आणि नळीत घालून लॅबला पाठवायचा. बापाकडून मुलाला, मुलाकडून नातवाला जे जसंच्या तसं उतरतं, ते त्यात तपासतात. पोरींना ते मिळत नाही. माझ्यात ते नाहीच.

"बडे पापा, एक किट बची है," तो म्हणाला. "अंकल का ले लें? बाहर का एक सैंपल रहेगा, कंपेयर करने को."

डॉक्टर म्हणाले, "घे. फरक दिसेल."

फरक दिसेल!

मी बाबांचा हात धरला. त्यांनी तो सोडवून घेतला. "देऊन राहिलो ना मी. तू गप बस." आणि सगळ्यांसमोर तोंड उघडून उभे राहिले. कापूस फिरत होता आणि लोक पाहत होते. दात पाहून बैल घेतात, तसं.

मग बरेच महिने काही नाही.

एक दिवस डॉक्टरांचा स्वतःचा फोन आला. "दादा, तुम्ही या. मुलीलाही आणा." बाबांना ते चक्क 'दादा' म्हणाले.

या वेळी हॉलमध्ये डॉक्टर आणि पुतण्या दोघंच. समोर पेढे. पुतण्यानं लॅपटॉप फिरवून दाखवला. बाबांचा नमुना आणि डॉक्टरांचा नमुना जुळत होता. बाकीच्या चुलतभावांचाही. एकाच पुरुषाकडून आलेली माणसं. तो पुरुष म्हणजे आपले पणजोबा, गावचे मालगुजार जमीनदार, हे डॉक्टरांनी धरूनच टाकलं होतं. डॉक्टरांनी बाबांना मिठी मारली.

"रक्त आहे शेवटी," ते म्हणाले. मग माझ्याकडे वळले. "तरीच मी म्हणत होतो, ही पोरगी एवढी वर पोचली कशी!"

पेढा माझ्या हातातच राहिला. मला शिकवलं आईनं. विड्या वळून. तिची बोटं तंबाखूनं पिवळी झाली होती, ती मेली तेव्हाही पिवळीच होती. माझी हुशारी आता या माणसाच्या पणजोबांच्या नावावर चढत होती.

पण मला खरा मार बसला तो बाबांकडे पाहून. बाबा रडत होते. आनंदानं.

डॉक्टरांनी सगळं ठरवून ठेवलं होतं. पुस्तकात आमच्यासाठी एक पान. "पणजोबांची आणखी एक शाखा" एवढंच मोघम लिहायचं. जात नको. ती शाखा ज्या बाईपासून आली तिचं नावही नको. बाबांनी फक्त संमतीची सही करायची.

"त्या काळी असे संबंध असायचे," डॉक्टर म्हणाले.

त्या बाईचं नाव सकू. बाबांच्या आजोबांची आई. ती मालगुजाराच्या वाड्यावर शेण काढायला जायची, एवढं आमच्या घरात सगळ्यांना माहीत आहे. तिचा नवरा महादू. गावचा कोतवाल जन्ममृत्यू लिहायचा, त्या वहीची नक्कल मी जातीच्या दाखल्यासाठी काढून आणली होती. तीत लिहिलंय: मुलगा, बाप महादू, जात महार. डॉक्टरांनी परत दिलेल्या फाइलीत पहिला कागद तोच होता.

"संबंध म्हणजे काय, डॉक्टरसाहेब?" मी विचारलं. "सकूला कोणी विचारलं होतं?"

"काहून बोलून राहिली तू?" बाबा दबक्या आवाजात म्हणाले.

डॉक्टर शांत होते. "जुन्या गोष्टी आहेत, बेटा. आता तुम्हाला घरात घेतोय ना आम्ही."

घरात घेतोय. वाड्यावर गेलेली बाई नाही म्हणू शकत होती का? नाही म्हणाली असेल तर ऐकलं कोणी? आणि हा माणूस पेढे वाटतोय. मी पुतण्याकडे वळले.

"एक सांगा. या तपासणीत कोण कोणाकडून आलं, ते कळतं का?"

तो घुटमळला. "नहीं दीदी. इतना ही पता चलता है कि पुरुष एक था."

"म्हणजे तुमच्या पणजोबांचा बाप आमच्या महारवाड्यातला असेल, असंही होऊ शकतं?"

त्यानं डॉक्टरांकडे पाहिलं. मग खाली पाहिलं. "टेक्निकली... हो सकता है. जिनके सैंपल हैं वो सब बडे पापा के परदादा के ही वंशज हैं. उनके ऊपर की शाखा का कोई नहीं है."

डॉक्टर ताडकन उठले. खुर्ची मागे पडली. "आमच्या घरातल्या बायकांबद्दल बोलतेस? तोंड सांभाळ!"

"तुमच्या घरातल्या बायकांबद्दल मी काही बोलले नाही," मी म्हणाले. "फक्त विचारलं. तुम्ही सकूबद्दल बोललात तेव्हा तुमचा आवाजसुद्धा चढला नव्हता."

"तिची गोष्ट वेगळी."

"काहून? तीही कोणाच्या तरी घरातलीच होती. महादूच्या."

मी संमतीचा कागद बाबांसमोरून उचलला आणि बिनसहीचाच टेबलावर ठेवला. बाबा माझ्यामागे आले, पण मला वाटतं माझ्यासाठी नाही. तिथं बसणं आता शक्य नव्हतं म्हणून.

ओमतीच्या चौकात ऑटो अडकला. हॉर्नचा गोंगाट. बाबा बाहेर पाहत म्हणाले, "दोन घडी बरं वाटलं होतं मले. तेवढंही तू राहू दिलं नाही."

जन्मभर अंग चोरून बसलेल्या माणसाला कोणीतरी मिठी मारली होती आणि ती मी सोडवली. मला झोप लागत नाही ती यामुळे. डॉक्टरांमुळे नाही.

डॉक्टरांनी तपासणी थांबवली. वरच्या शाखेचे, म्हणजे पणजोबांच्या चुलत्यांचे वंशज नागपुरात आहेत, पण त्यांना कोणी विचारणार नाही. बाबांना निरोप आला: हा विषय बाहेर काढू नये, दोन्ही घरांची शोभा होईल. दोन्ही घरांची! पहिल्यांदा आमच्या घराला शोभा असल्याचं त्यांना आठवलं.

त्यांनी थांबवलं म्हणून मी थांबणार नाही. महादूला एक भाऊ होता, हे त्याच कोतवालाच्या वहीत आहे. त्या भावाचा वंशज गावात राहतो. मी त्याला फोन केला, सगळं समजावलं, तो नमुना द्यायला तयार आहे. त्याचा आणि बाबांचा जुळला तर सकूचा मुलगा महादूच्याच रक्ताचा, आणि डॉक्टरांनी आपल्या भिंतीवरचं झाड पुन्हा तपासावं. नाही जुळला तर वाड्याकडे बोट जाईल. तेव्हा मी सकूचं नाव लिहीन, वाड्याचं नाव लिहीन आणि संबंध हा शब्द लिहिणार नाही. बाप म्हणून मात्र महादूच राहील. पोर त्यानं वाढवलं, नाव त्यानं दिलं.

काल गावाला जायला बॅग भरत होते तर बाबा दारात येऊन उभे राहिले. कितीतरी दिवसांनी स्वतःहून बोलले.

"कशाले उकरून राहिली? वाईट निघालं तर?"

"वाईट व्हायचं ते तेव्हाच होऊन गेलं, बाबा," मी म्हणाले. "कोणी केलं, तेवढं लिहायचं राहिलं. मी जाऊन राहिली आहे."